आक्कांच्या डिकीतले नारळ

राजकारणातल्या माणसाकडे नोकरी धरली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपण होऊन गाडीत येऊन बसतात. गावोगावचे कार्यक्रम उरकून परत निघालो की आमचा ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, “साळुंखेसाहेब, आजचा लिहून ठेवा!” हा ड्रायव्हर मिलिटरीतून रिटायर झालेला, सगळे त्याला फौजीच म्हणतात. मी काही लिहून ठेवत नाही. जे लक्षात राहतं तो किस्सा, बाकी सगळा नुसता दौरा!

मी हेमाआक्कांचा पीए. त्याआधी त्यांच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा. आमचा मतदारसंघ साताऱ्याच्या पूर्वेला. अर्ध्या भागात कॅनॉलचं पाणी आणि ऊस, उरलेल्या भागात ज्वारी आणि आश्वासनं. नाना इथले कायमचे आमदार. आक्का त्यांची एकच लेक, सांगलीकडे द्राक्षबागायतदारांच्या घरात दिलेली. नानांच्या मागे त्यांचा मुलगा उभा राहायचा हे ठरलेलंच होतं. पण तो बिचारा नानांच्या आधी गेला. त्याचा मुलगा ओंकार तेव्हा नुकताच कॉलेजात. मग नानाही गेले आणि पोटनिवडणूक लागली.

घरात बैठक बसली. अध्यक्षस्थानी अप्पा, नानांचे धाकटे भाऊ. कारखान्याचे चेअरमन आणि घरातला शेवटचा शब्द.

अप्पा म्हणाले, “हेमा, पंचविशीच्या आत आमदारकीचा फॉर्म भरता येत न्हाई. ओंकार लहान हाय. तवर घरातली जागा घरात ऱ्हायली पायजे. तू हुबी ऱ्हा. फकस्त तवर.”

आक्का म्हणाल्या, “म्हंजी मी शेतात माळ्यावर बसून पाखरं हाकायची. कणसं खुडायला ओंकार येणार.”

“तसंच समज.”

“बरं. पण अप्पा, राखणदाराला हुरडा खायची तरी परवानगी हाय का न्हाई?”

दुखवट्याचं घर, नानांच्या फोटोचा हार अजून ताजा. हसावं की नाही कुणाला कळेना. शेवटी अप्पाच हसले, मग आम्ही सगळे हसलो. पण आक्कांनी शब्द दिला होता, आणि अप्पांनी तो पक्का गाठीला बांधला होता.

* * *

प्रचार सुरू झाला. समोरच्या पार्टीकडे एक वक्ता होता. माणूस साधा, पण माईक हातात आला की बाजार थांबवायचा! त्यानं आठवडा बाजारात सभा घेतली.

“हेमाआक्का माजी बी भण हाय! पण गड्यांनो, माहेरवाशीण किती दिवसांची? चार दिवसांची! माहेरवाशीण आली की काय करायचं? साडीचोळी करायची, वटी भरायची आन् सासरी लावून द्यायची! मतं कुठं देत्यात व्हय रं तिला?”

बाजार खो खो हसला. तासाभरात तो व्हिडिओ माझ्या मोबाईलवर चार ग्रुपमधून येऊन पडला.

हे आम्हाला लागलं, कारण ते खोटं नव्हतं. आमच्याकडे लेक माहेराहून निघाली की तिला कुंकू लावून तिच्या पदरात तांदूळ, नारळ, खण घालतात. ओटी भरली की लेक गाडीत बसते. ती ओटी म्हणजे एक प्रकारे निरोपच. त्या माणसानं एका वाक्यात आमच्या उमेदवाराला निरोप देऊन टाकला होता!

अप्पा म्हणाले, पोलिसांत तक्रार करू. आक्का म्हणाल्या, नको, त्याच बाजारात सभा लावा.

दुसऱ्या दिवशी आक्का उभ्या राहिल्या. “काल माज्या भावानं लय चांगलं सांगितलं. वटी भरा आन् सासरी लावून द्या! माज्या आयाभैनींनो, खरंच भरा. फकस्त सासर तेवढं बदललंय. आता माजं सासर मुंबईला हाय, विधानसभेत! आन् लेक सासरी नीट नांदती का न्हाई, ते बघायचं काम माहेरचं आस्तं!”

त्या दिवसापासून गाडी ज्या गावात शिरेल तिथं बायका ताटं घेऊन दारात उभ्या. आक्का निवडून आल्या. खरं तर त्या वक्त्याचा आमच्या पार्टीनं जाहीर सत्कार करायला हवा होता, पण अप्पा काही तयार झाले नाहीत.

* * *

आता माझं दुखणं सांगतो.

नानांच्या काळात दौरा म्हणजे घड्याळ होतं. कुणाच्या घरी गेलो की अंगणात सतरंजी. नाना बसायचे, “काय पाऊसपाणी?” विचारायचे, शाल-नारळ घ्यायचे, उठायचे. मी बाहेर गाडीचं दार उघडून उभा. एका दिवसात निम्मा तालुका!

आक्का सतरंजीवर बसतच नाहीत. चपला काढतात आणि सरळ आत. आत म्हणजे थेट चुलीपर्यंत! मग आत काय चालतं ते देवाला ठाऊक. बाहेर आम्ही पुरुष माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतो. सरपंच मला पाऊसपाणी विचारतो, मी त्याला विचारतो, दोघांचंही संपतं. मग आक्का बाहेर येतात, भरलेला पदर दोन्ही हातांनी सावरत. फौजी डिकी उघडतो, नारळ आणि खण आत जातात, तांदूळ पिशवीत. पुढचं घर, पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत वळणावर नारळ असे गडगडतात की मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला वाटावं, गाडीचं काहीतरी सुटलंय.

एकदा मी न राहवून म्हणालो, “आक्का, आत एवढा वेळ काय असतं हो?”

“भाऊ, बाहेर लोक सांगत्यात की सगळं ठीक हाय. आत गेलं की कळतं काय ठीक न्हाई ते.”

तांदूळ मुलींच्या वसतिगृहाला जायचे, खणांच्या पिशव्या बचत गटाच्या बायका शिवायच्या आणि नारळ सगळ्यांना. माझ्या बायकोनं आक्का आमदार झाल्यापासून एकदाही नारळ विकत आणलेला नाही. ती आक्कांची कट्टर समर्थक आहे!

* * *

ओंकार पंचविशीला पोचायच्या आतच मुख्य निवडणूक लागली, म्हणून आक्कांना पुन्हा उभं राहावं लागलं. आचारसंहिता सुरू. आम्ही एका वस्तीवरून निघालो आणि शंभर पावलांवर भरारी पथकानं गाडी अडवली. साहेब तरुण, परजिल्ह्यातले, कामाला अगदी कडक. सोबत व्हिडिओवाला.

“डिकी उघडा.”

फौजीनं उघडली. आत नारळांचा ढीग, खणांचा गठ्ठा आणि तांदळाची पिशवी! साहेबांचे डोळे चमकले.

“मतदारांना वाटायला चाललंय का?”

मी म्हणालो, “नाही साहेब, मतदारांनीच दिलंय.”

“मतदारांनी उमेदवाराला दिलं? आणि ते आम्ही मान्य करायचं?”

ऐकायला ते खरंच विचित्र होतं, हे मलाही कबूल. आयुष्य राजकारणात काढलं, पण लोक उमेदवाराला देतायत असं कुणी म्हटलं असतं तर मीही मान्य केलं नसतं! साहेबांनी पंचनामा लिहायला घेतला. फौजी छाती काढून म्हणाला, “सर, पूरी तलाशी लो, हमको कोई दिक्कत नहीं!” मी त्याला कोपरानं ढोसलं.

आक्का शांतपणे गाडीतून उतरून रस्त्याच्या कडेला बाभळीखाली उभ्या राहिल्या. तिथं एक घर होतं. त्या घरातली बाई बाहेर आली, आक्कांना बघून तोंडावर हात ठेवला आणि पळत आत गेली. आली ती ताट घेऊनच.

“आवं आक्का, दारापतुर आलात आन् तशाच निघालाय व्हय!” असं म्हणत तिनं कुंकू लावलं, आणि भरारी पथकाच्या चालू कॅमेऱ्यासमोर आक्कांची ओटी भरली.

आक्का भरलेला पदर तसाच धरून साहेबांजवळ आल्या आणि अगदी आदरानं म्हणाल्या, “साहेब, हा नारळ बी जप्त करायचा का?”

* * *

आता दाजी. दाजी म्हणजे आक्कांचे यजमान. सांगलीकडे स्वतःची द्राक्षबाग, माणूस कमी बोलणारा, राजकारणापासून चार हात लांब. पण आक्का मतदारसंघाची लेक ठरल्या, त्यामुळे हे बिचारे आपोआप मतदारसंघाचे जावई झाले! पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणतात.

इथवर ठीक होतं. मग अधिक महिना आला.

अधिकात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे ही आमच्याकडची रीत. पहिला फोन एका सरपंचाचा आला. “दाजींना पाठवा, जावई हायती आमचं!” आक्कांनी होकार दिला. ते शेजारच्या गावाला कळलं. त्यांचा फोन आला. मग ज्या गावात दोन गट, तिथून दोन फोन. एका गटाकडे जेवले आणि दुसऱ्याकडे नुसता चहा घेतला तर पुढच्या निवडणुकीत ते गाव गेलंच म्हणून समजा.

दाजींची द्राक्षाची कामं बाजूला राहिली. ते, मी आणि फौजी असे आम्ही धोंड्याच्या दौऱ्यावर! एका गावात सरपंचाकडे दाजींनी दोन धोंडे खाल्ले. ही बातमी आम्ही पोचायच्या आत माजी सरपंचाकडे पोचली. त्यांनी तीन वाढले. वर तुपाची वाटी हातात घेऊन स्वतः माजी सरपंच समोर उभे.

दाजी माझ्या कानात म्हणाले, “साळुंखे, जावयाला नको म्हणता येत नाही आणि आमदाराच्या नवऱ्याला पुरे म्हणता येत नाही. मी दोन्ही आहे!”

महिना संपता संपता त्यांना सांगलीत डॉक्टरांकडे न्यावं लागलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, शुगरचा रिपोर्ट बघितला आणि विचारलं, “काय खाल्लंय काय एवढं?”

दाजी डोळे मिटून म्हणाले, “मतदारसंघ.”

* * *

आमच्या पूर्वेच्या टोकाला एक गाव आहे. खरं नाव नको, वरचीवाडी म्हणू. कायमचं पाण्याला मोताद. तिथं सरकारनं नळपाणी योजना केली. मग साताऱ्यात आढावा बैठक झाली. पडद्यावर गावांची नावं आणि पुढं हिरवे ठिपके. वरचीवाडीपुढं पण हिरवा.

आक्कांनी विचारलं, “वरचीवाडी चालू हाय?”

“शंभर टक्के चालू आहे, मॅडम. घरोघरी नळ.”

“मी गेल्या आठवड्यात तिथं होते. इंदूमावशींकडं गेले, आणखी दोन घरांत गेले. नुसत्या दुधाचा चहा दिला मला. थेंबभर पाणी नव्हतं त्यात.”

इंजिनिअर साहेब हसले. “मॅडम, तो तुमचा मान आहे! गावाकडं मोठ्या माणसाला दुधाचाच चहा देतात.”

बैठक हसली. मीही हसलो, कारण तो चहा मी बाहेर अंगणात बसून प्यायलो होतो आणि वर दुधाची तारीफही केली होती.

आक्का म्हणाल्या, “मान खरा. पण साहेब, आपल्याकडं पाव्हण्याला चहाच्या आधी काय देत्यात?”

मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं, “पाण्याचा तांब्या.”

“तिन्ही घरांत थेट चहा आला. तांब्या आलाच न्हाई. मागितला असता तर दिला असता त्यांनी, कुठनं तरी आणून. म्हणून मी मागितला न्हाई.”

मग हसायचं कुणी धाडस केलं नाही. चौकशी झाली. नळ होते, पाइप होता, टाकीही होती. फक्त मोटारीला वीज जोडायची राहिली होती! आक्का त्या कामामागं अशा लागल्या की वीज कंपनीचा माणूस माझा फोन बघून रस्ता बदलायला लागला. उन्हाळ्याच्या आत वरच्यावाडीला पाणी आलं.

* * *

अखेर ओंकार पंचवीसचा झाला.

पोरगं वाईट नाही, हे आधी सांगून टाकतो. पुण्यात शिकलेलं, मोठ्यांना वाकून नमस्कार करणारं, आत्यावर जीव असलेलं. गावांची सगळी माहिती त्याच्या मोबाईलमध्ये. फक्त घरात जायची त्याला सवय नाही. तो आजोबांसारखा अंगणात सतरंजीवर बसतो, आणि अप्पांना त्यातच नाना दिसतात.

वाढदिवसाला अप्पांनी फलटणच्या रस्त्यापासून कोरेगावच्या रस्त्यापर्यंत फ्लेक्स लावले. मधे ओंकार, पुरुषभर उंचीचा. खाली ‘आमचं ठरलंय’. वर कोपऱ्यात नाना, शेजारी अप्पा. आक्का कुठं आहेत म्हणून मी बघायला लागलो. त्या होत्या खाली, उजव्या कोपऱ्यात, एका गोलात, शुभेच्छुकांच्या रांगेत!

आक्कांनी गाडी थांबवायला लावली. काच खाली घेतली आणि नीट बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी होणार.

“साळुंखेभाऊ,” त्या म्हणाल्या, “माजा फोटो पासपोर्ट साइजचा लावलाय. व्हिसा संपत आलेला दिसतोय!”

फौजी हसला. मला हसू आलं नाही. गाडी निघाल्यावर मी म्हणालो, “आक्का, तुम्ही अप्पांशी एकदा बोला. गावं तुम्हाला मानतात.”

“काय बोलू? शब्द दिलाय मी.”

“तो तेव्हाचा शब्द होता, आक्का.”

“शब्द तेव्हाचा आन् आत्ताचा असा नसतो, भाऊ.” बाहेर ज्वारी कंबरेपर्यंत आली होती. त्या तिकडे बघत होत्या. “राखणदारानं शेतात जीव गुंतवायचा नसतो.”

घाट उतरलो तेव्हा त्यांनी विचारलं, “वरच्यावाडीच्या शाळेत मुलींच्या संडासाला पाणी जोडायचं होतं, त्याचं काय झालं?”

मला फार वाईट वाटलं. नानांच्या जाण्याच्या वेळी रडलो नव्हतो एवढं तेव्हा रडू येत होतं, आणि फौजी आरशातून बघत होता म्हणून नाक शिंकरून घेतलं.

* * *

आता शेवटचा. हा सांगावा की नाही असं मला अजून वाटतं, पण फौजी म्हणतो, सांगा.

निवडणूक जवळ आली. अप्पांनी ओळख दौरा काढला. प्रत्येक गावात आक्कांनी ओंकारचा हात लोकांच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, आजवर मला सांभाळलंत, आता ह्याला सांभाळा. सुरुवात वरच्यावाडीपासून, कारण तिथं आक्कांचं वजन जास्त. अप्पा असल्या गोष्टी बरोबर ओळखतात. दोन गाड्या निघाल्या. पुढं अप्पा आणि ओंकार, मागं आम्ही.

पहिल्या घरात शिरलो तोच पितळी तांब्या आला, काठोकाठ भरलेला. नळाचं पाणी. आक्कांनी तो वरून धरून प्यायला, अर्धा संपेपर्यंत खाली ठेवला नाही. मग नेहमीसारख्या आत गेल्या. बाहेर सतरंजीवर ओंकारला फेटा, टॉवेल-टोपी, नारळ. फोटो निघाले. अप्पांचा चेहरा फुललेला.

आक्का बाहेर आल्या. फौजीनं सवयीनं डिकी उघडली. पदर रिकामा होता.

कुंकू होतं कपाळावर, ताजं. पण ओटी नव्हती. मला वाटलं, त्या घरात नारळ नसेल. फौजीनं डिकी लावली.

दुसऱ्या घरात तसंच. तिसऱ्या घरात तसंच. चहा दुधाचा, बोलणं मायेचं, कुंकू लावलं, आणि पदर रिकामा. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिकडे अप्पांच्या गाडीची डिकी लागेना, एवढे नारळ झाले ओंकारचे. वाटेत मी आक्कांना हळूच विचारलं, “आत काही झालं का?”

“काही न्हाई.” थोडं चालून गेल्यावर म्हणाल्या, “सवयीनं पदर पुढं केला होता मी. तिनं बघितला, आन् नुसतं कुंकू लावलं.”

त्यांचा चेहरा मला बघवला नाही. नवा आमदार दिसला की माणसं फिरतात हे मी पुष्कळदा पाहिलंय. पण बायका पण? आणि वरच्यावाडीच्या? मला त्या गावाचा राग आला. ज्या बाईनं तांब्या दिसला नाही म्हणून साताऱ्यात भांडण मांडलं, तिला हे लोक मूठभर तांदूळ घालत नाहीत!

शेवटचं घर इंदूमावशींचं. अंगणात घोंगडी अंथरलेली, सगळं गाव जमलेलं. पुरुष पुढं, बायका जोत्यावर. आक्कांनी ओंकारचा हात धरला आणि उभ्या राहिल्या.

“आजवर तुमी मला सांभाळलंत,” त्या म्हणाल्या. आवाज नीट होता. “आता ह्याला...” आणि तिथं थांबल्या. “ह्याला सांभाळा.”

टाळी वाजली ती फक्त अप्पांची.

इंदूमावशी काठी टेकत पुढं आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई. त्यांनी ओंकारला टॉवेल-टोपी दिली, हातात नारळ दिला, तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पोरगं वाकून पाया पडलं. मग त्या आक्कांपुढं आल्या आणि कुंकू लावलं. आक्कांनी पुन्हा पदर पुढं केला. तो त्यांनी मुद्दाम केला की सवयीनं, मला सांगता येणार नाही. दोन्ही हातांनी पसरलेला पदर, आणि अख्खं गाव बघतंय. कुणी जागचं हललं नाही.

आता अप्पा उठले. राजकारण वेगळं आणि घरची रीत वेगळी, आणि रीतीच्या बाबतीत अप्पा फार कडक. आवाज चढवून म्हणाले, “आवं इंदूबाई, सकाळधरनं बघतुय मी! एका बी घरात माज्या पुतणीची वटी भरली न्हाई. घरच्या लेकीला रिकाम्या पदरानं लावून देता व्हय? ही काय रीत झाली?”

इंदूमावशींनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“रीत म्हाईत हाय वो आमाला, अप्पा. निगालेल्या माणसाचा मान करायचा. ह्यो तुमचा नातू पावना हाय, आता निगंल, म्हून त्येचा मान केला.” मग त्या आक्कांकडं वळल्या. इतक्या वर्षांत आक्कांना ‘तुमी’ म्हणणारी ती बाई पहिल्यांदा एकेरीवर आली.

“तू गं कुठं निगालीस?”

आक्का तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पुढं केलेला पदर कमरेला खोचला आणि परत घोंगडीवर बसल्या. फौजीनं गाडीची चावी काढून खिशात टाकली.